तटस्थ पक्ष विरोधी कसा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्वीडनच्या राजकारणावरच्या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आपले आक्षेप दोन. विरोधासाठी ‘मूतस्तॉन्द’ हा अस्सल स्वीडिश शब्द असताना मी ‘ओपोसिशून’ हा उसना शब्द का घेतला? आणि पंतप्रधान निवडीच्या मतदानात तटस्थ राहिलेल्या पक्षांना विरोधकांत का धरलं?

मूतस्तॉन्द म्हणजे वाटेत आडवं येणारं काहीही. विजेचा प्रवाह अडवणारा रोध मूतस्तॉन्द, व्यायामाच्या सायकलचं पॅडल जड करतो तोही मूतस्तॉन्द. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे-डेन्मार्कमध्ये जर्मनांशी झुंजलेल्या भूमिगत चळवळीच्या स्वीडिश नावातही हाच शब्द आहे. सत्तेबाहेर असण्याला मात्र ‘सित्ता ई ओपोसिशून’ म्हणतात, अगदी आपल्या ‘विरोधी बाकांवर बसणं’सारखं. तिथल्या पालिकांमध्ये ‘ओपोसिशून्सरोद’ नावाचं पदच असतं: विरोधकांचा नेता, आणि त्याला मानधन देते पालिका! मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. इथे मूतस्तॉन्द बसवून चालणारच नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. स्वीडनमध्ये पंतप्रधान व्हायला बहुमताचा पाठिंबा लागत नाही. संसदेच्या 349 सदस्यांपैकी विरोधातली मतं 175 पर्यंत पोहोचली नाहीत की झालं. 24 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानपदाच्या उमेदवार मागदालेना आन्देर्सोन यांच्या बाजूने 117 मतं पडली, विरोधात 174, तटस्थ 57. एका मताने निभावलं. तटस्थ होते सेंटर पक्ष आणि डावा पक्ष. दोघांचाही एकही मंत्री नव्हता. त्याच दिवशी अर्थसंकल्पावर सेंटर पक्षाने सरकारला साथ दिली नाही, आणि तीन उजव्या पक्षांचा अर्थसंकल्प 154 विरुद्ध 143 मतांनी मंजूर झाला. त्यावर ग्रीन पक्ष सरकारातून बाहेर पडला आणि निवडीनंतर काही तासांतच आन्देर्सोन यांनी राजीनामा दिला. 29 तारखेला त्या पुन्हा निवडून आल्या, तेव्हा तटस्थांत ग्रीन पक्षही होता.

म्हणजे सकाळी वाट मोकळी करून देणारा पक्ष दुपारी सरकारचा अर्थसंकल्प पडू देतो. त्याला समर्थक कसं म्हणायचं?

डाव्या पक्षाबद्दल आपण जास्त ठामपणे लिहिलं आहे, की तो सरकारचाच माणूस. 2019 मध्ये तटस्थ राहून त्याने स्तेफान लोव्हेन यांना पंतप्रधान होऊ दिलं, हे खरं. पण नव्या घरांची भाडी बाजारावर सोडायचा बेत पुढे आला, तेव्हा जून 2021 मध्ये त्याच पक्षाने अविश्वासाच्या बाजूने मत दिलं आणि 181 मतांनी लोव्हेन यांच्यावरचा अविश्वास ठराव मंजूर झाला.