कोण मोजतंय, काकू?

43 त्रिकोण असायला हवे होते. मी उभ्या उभ्या तीनदा मोजले. तिन्ही वेळा 39च भरले.

आज ललिता पंचमी. सकाळी आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईची पालखी त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर गेली, कोहळा फोडायचा विधी झाला, आणि दुपारी चारला आमच्या भागातल्या मंडळात सामुदायिक कुंकुमार्चन ठेवलं होतं. मांडवात मधोमध सहा फुटी फ्लेक्स अंथरलेला, त्यावर श्रीयंत्र, एकमेकांत गुंतलेल्या त्रिकोणांची देवीची आकृती. लांबून बघून मला भरून आलं. ललिता देवीचा दिवस आणि आपल्या गल्लीत तिचं यंत्र, यापेक्षा काय पाहिजे! जवळ गेले आणि पाऊल पुढे टाकवेना. बाहेरच्या फेरीत 14 कोन, म्हणजे लहान त्रिकोण, हवेत, तिथे 12. त्याच्या आतल्या फेरीत 10 हवेत, तिथे 8. रेषा एकमेकींना भेटायच्या आधीच संपलेल्या. आणि भूपुराचं, म्हणजे बाहेरच्या चौकोनाचं, खालचं दारच गायब. त्या जागी प्लॉटच्या जाहिरातीची पट्टी, फोन नंबरासकट.

फ्लेक्स छापून आणणारा पोरगा आमच्याच गल्लीतला. दहावीला माझ्याकडे गणिताला यायचा. त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, अरे, यात चार त्रिकोण कमी आहेत. तो घाईत होता, माईक हातात होता. हसून म्हणाला, "कोण मोजतंय, काकू?"

तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

माझं लग्न 1989 सालचं. पहिल्याच नवरात्रात, पंचमीला पहाटे, सासूबाईंनी मला सोप्यात बोलावलं आणि सुताच्या दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर, ढिला सोडू नको." एवढंच. मी विज्ञान शाखेची पदवीधर, गणित विषय घेऊन पास झालेली. आई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणायचो) चौथी शिकलेल्या. त्यांनी त्या दोन हात लांब दोऱ्याची आधी तिहेरी घडी घातली, घडीच्या टोकांना हळदीचं बोट लावलं. मग प्रत्येक तुकडा निम्मा, पुन्हा निम्मा, पुन्हा, पुन्हा. दर वेळी हळद. दोरा उलगडला तेव्हा त्यावर 48 सारखे भाग पडलेले. तीन गुणिले सोळा. हे मला कळायला दुसरं नवरात्र उजाडावं लागलं.

आधी वर्तुळ. त्याच्या मधोमध उभी रेषा, हा दोरा तिच्यावर ताणून धरायचा आणि आई वरून खाली म्हणत जायच्या: सहा, सहा, पाच, तीन, तीन, चार, तीन, सहा, सहा, सहा. पाढ्यासारखं, एका चालीत. बेरीज करून बघा, 48 येते. जिथे जिथे आकडा थांबला तिथे एक आडवी रेघ. अशा नऊ. त्या नऊ रेघांतून नऊ मोठे त्रिकोण उभे राहतात, चार वर टोक असलेले शिवाचे, पाच खाली टोक असलेले शक्तीचे. ते एकमेकांत शिरतात आणि त्यांच्या छेदांतून लहान त्रिकोण तयार होतात. बाहेरून आत 14, 10, 10, 8 आणि मधला 1. झाले 43. त्या एकाच्या पोटात बिंदू. बाहेर आठ पाकळ्या, मग सोळा पाकळ्या, मग चार दारांचा चौकोन.

सौंदर्यलहरी या देवीच्या संस्कृत स्तोत्राच्या अकराव्या श्लोकात हेच आहे, चार श्रीकंठ म्हणजे शिव आणि पाच शिवयुवती म्हणजे शक्ती. आईंनी तो श्लोक कधी वाचला नव्हता. त्यांच्या वडिलांकडे देवीची उपासना होती, लहानपणी बघून बघून हात बसला, असं त्या सांगायच्या. मंत्र म्हणायच्या नाहीत. दीक्षा नाही तर मंत्र नाही, हे त्यांचं पक्कं. रेखाटायच्या, हळदकुंकू वाहायच्या, संध्याकाळी बायकांना बोलवायच्या.

आता तुम्ही म्हणाल भाव महत्त्वाचा. मान्य. शंभर बायका डोळे मिटून सहस्रनाम म्हणत होत्या, त्यांच्या भावाला मी नाव ठेवत नाही. पण ज्याने छापलं, ज्याने पैसे घेतले, ज्याने अंथरलं, त्यांचा भाव कुठे होता? जाहिरातीच्या पट्टीला जागा पुरावी म्हणून देवीच्या घराचं दार बुजवलं, त्यात कसला भाव?

आणि हे श्रीयंत्र आहे. इथे मूर्तीसारखं नाकडोळे नाहीत की थोडं इकडेतिकडे झालं तरी देवीचा चेहरा ओळखू यावा. इथे रेषा हीच देवी. दोन रेषा मिळतात त्याला संधी म्हणतात, तीन रेषा एका ठिकाणी मिळतात ते मर्म. मर्म! शरीराच्या नाजूक जागेला जो शब्द तोच. आई म्हणायच्या, मर्म चुकलं तर तिला दुखतं. श्रद्धेने म्हणायच्या, आणि मी गणिताची बाई असूनसुद्धा मला ते तेव्हाही खरं वाटायचं आणि आजही वाटतं. आज दुपारी त्या फ्लेक्सवर मला एक मर्म धड दिसलं नाही.

शिवाय गंमत म्हणजे त्या मापांनीही टोकं नेमकी जुळतातच असं नाही. दोरा बरोबर, आकडे बरोबर, तरी एखादी रेघ केसभर बाजूने जाते. मग एक रेघ जरा सरकवली की तिच्यामुळे दुसऱ्या दोन बिघडतात. त्या दुरुस्त करायला गेलं की आतली फेरी हलते. एक त्रिकोण दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर असा सगळा एकमेकांच्या आधाराने उभा. एका वर्षी, बहुतेक 1994 असेल, संध्याकाळी बायका हळदकुंकवाला येऊन बसल्या आणि आईंच्या लक्षात आलं की वरून तिसऱ्या रेघेवर एक टोक सुटलंय. कुणाला दिसलंही नसतं. त्यांनी ओल्या फडक्याने निम्मं यंत्र पुसलं. पंधरावीस बायका, कुणाच्या कडेवर पोर, कुणाला घरी जाऊन भाकऱ्या टाकायच्या. सगळ्या बसून राहिल्या. एक बाई उठून गेली नाही. कुणीतरी जोगवा म्हणायला सुरुवात केली आणि आई पुन्हा रेघ ओढायला लागल्या. दोरा मी धरला होता. साडेआठ वाजले. त्या रात्रीसारखं हळदकुंकू मी पुन्हा पाहिलं नाही.

आजच्या मांडवात एवढ्या बायका होत्या, कुणालाही थांबायला सांगितलं असतं तर थांबली असती. सांगितलंच नाही कुणी. मीही नाही.

"कोण मोजतंय" हे कोल्हापुरात म्हणावं? या गावात? ज्या गावात नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखेला आणि मग 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला संध्याकाळी माणसं घड्याळाकडे बघत अंबाबाईच्या देवळात उभी असतात! मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरून, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतं, पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग वर, मग मुखावर. त्या दिवशी बाजारात, रिक्षात, घरात एकच प्रश्न असतो, किरणं कुठवर आली? गुडघ्यापर्यंत आली, कंबरेपर्यंत आली, ढग आले म्हणून चौकटीतच विरली. बोटभर कमीजास्त झालं तरी गाव हळहळतं. वाटेतल्या बांधकामांचे अडथळे मोजले गेले, त्यावर किती चर्चा झाली, काही काढलेही. ज्यांनी ते देऊळ पश्चिमेला तोंड करून उभारलं त्यांनी किती संध्याकाळी मोजत काढल्या असतील? त्यांच्याकडे कुठलं उपकरण होतं? डोळे, सावली, दोरा. आणि त्याच देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेलं श्रीयंत्र आहे. रोज हजारो माणसं त्याच्या जवळून जातात. दगडात पुसता येत नाही. छिन्नी एकदा चुकली की चुकली. तरी त्या माणसाने कोरलं.

आणि आपल्याला संगणकावर चार रेषा जुळवता येत नाहीत.

बरं, सगळ्यांना हाताने काढता येणार नाही, हेही मान्य. तांब्याच्या पत्र्यावरची यंत्रं पिढ्यान् पिढ्या घराघरांत आहेत, ती काय प्रत्येकाने स्वतः कोरली? नाही. कांचीच्या कामाक्षीसमोर श्रीचक्र आहे, त्यावर रोज कुंकुमार्चन होतं, भक्त काही ते रेखाटायला जात नाहीत. छापायला माझा विरोध नाही. नीट छापा. एवढंच मागणं आहे, आणि तेसुद्धा जास्त वाटतंय का लोकांना?

दुसरा राग तर मी काढलेलाच नाही. फ्लेक्सच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, "धनप्राप्तीसाठी." नवरात्र आलं की मोबाईल उघडवत नाही. पाकिटात ठेवायचं श्रीयंत्र, गल्ल्यात ठेवायचं श्रीयंत्र, गाडीच्या काचेवर चिकटवायचं. ज्या फेऱ्यांची नावं सर्वसौभाग्यदायक, सर्वार्थसाधक, सर्वरक्षाकर, सर्वरोगहर, सर्वसिद्धिप्रद अशी आहेत, आणि शेवटच्या बिंदूचं नाव सर्वानंदमय, त्यातून यांना गल्ला तेवढा दिसला. यातल्या प्रत्येक नावात "सर्व" आहे हो. माझं, माझ्या दुकानाचं, असं कुठे आहे त्यात? मामंजी आजारी होते त्या वर्षी आई आठ कोनांच्या फेरीपाशी, सर्वरोगहरपाशी, फार वेळ थांबल्या होत्या. रांगोळीची चिमूट तशीच हातात. त्यांनी तिथे काय मागितलं मी विचारलं नाही. मामंजी त्या मार्गशीर्षात गेले. पुढच्या पंचमीला आईंनी पुन्हा पहाटे दोरा काढला. यंत्र कामाला आलं नाही, असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

इथवर रागात लिहिलं. आता थोडं थांबून चहा घेतला. एक गोष्ट लिहायची राहिली आहे आणि ती लिहिल्याशिवाय त्या पोराबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

आईंचं शेवटचं नवरात्र. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही दिसणं जवळजवळ गेलेलं. तरी पहाटे सोप्यात येऊन बसल्या. या वेळी दोऱ्याचं टोक त्यांनी धरलं आणि रेघा मी ओढल्या. आकडे त्या सांगत होत्या, सहा, सहा, पाच, तीन, चुकल्या नाहीत एकदाही. मला ऑफिसला जायचं होतं. मुलांच्या परीक्षा चालू होत्या, डबे व्हायचे होते. शेवटच्या फेरीत डाव्या बाजूला एक टोक जुळेना. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा तसंच सोडलं. आईंनी विचारलं, "तिन्ही एका जागी आल्या?"

मी म्हटलं, आल्या.

त्यांना दिसत नव्हतं. मला ठाऊक होतं की त्यांना दिसत नाहीये. त्या दिवशी माझ्याही मनात तेच होतं, कोण मोजतंय. शब्द वेगळे असतील, अर्थ तोच.

आई काही बोलल्या नाहीत. हात पुढे करून त्यांनी चाचपडत बोट टेकवलं, नेमकं त्याच टोकाशी. रांगोळी विस्कटली. मग म्हणाल्या, "माझ्यामुळे बिघडलं बघ. आता परत काढ." त्यांना कसं कळलं, मुद्दाम केलं की चुकून झालं, मला आजतागायत माहीत नाही. मी परत काढलं. ऑफिसला उशीर झाला. टोक जुळलं.

त्यानंतर त्या गेल्या आणि मी ते यंत्र एकदाही काढलं नाही. एवढी वर्षं. दोऱ्याचं दुसरं टोक धरायला कोण आहे, असं स्वतःला सांगत राहिले. मुलगा पुण्याला, सून नोकरीवाली, गुडघे दुखतात, सोप्यात आता फरशी आहे. सगळी कारणं खरी आहेत. पण मीच शिकवलं नाही तर त्या पोराला 43 कुठून कळणार होते? मी त्याला समरूप त्रिकोण शिकवले, पायथागोरस शिकवला, प्रमेयं पाठ करून घेतली. हे नाही शिकवलं. तो दोन वर्षं माझ्याच सोप्यात बसायचा, जिथे आई बसायच्या त्याच जागेवर.

मंडळाला फोन करून फ्लेक्स काढायला सांगणार होते. केला नाही. आतापर्यंत त्यावर शंभर बायकांचं कुंकू पडलंय, ते पायदळी जाऊ नये एवढं बघा, असा निरोप मात्र दिलाय. जाहिरातीबद्दल कार्यकर्त्यांशी मी भांडणार आहे, दसरा झाल्यावर.

आणि त्याला वेगळा फोन केला. रागावले नाही. म्हटलं, अरे, जेवून झालं की अर्धा तास ये, दोरा धरायला कुणीतरी हवंय. आधी त्याला काही कळेना. कसला दोरा, काकू? म्हटलं, ये तर. म्हणाला, आरती आटोपली की येतो.

फरशी पुसून घेतली आहे. सुताचा दोरा देवघरातल्या डब्यात मिळाला, आईंचाच, त्यावर जुन्या हळदीचे डाग आहेत. पण तो जागोजाग विरलाय, ताण सहन करणार नाही, म्हणून नवा घेतलाय. वाटीत हळद कालवली आहे. चष्मा पुसून ठेवलाय. मांडवातून आरतीचा आवाज येतोय, अजून दोन कडवी राहिली असतील.