‘मनात येईल ते लगेच लिहा’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

नागपुरातील माजी विद्यार्थ्यांच्या, लेखक-वाचकांच्या आणि लहान व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरताना दिसतो. ब्लॉग लिहिणाऱ्यांना आणि समाजमाध्यमांवर नियमित वावरणाऱ्यांना उद्देशून असलेल्या या संदेशाचा दावा थोडक्यात असा आहे: लोकांना अस्सल माणूस हवा असतो, म्हणून मनात येईल ते लगेच लिहा, रोज लिहा, बोलीत लिहा, स्वतःचे आणि घरचे काहीही हातचे राखू नका, पैसे घेऊन केलेली शिफारस ‘जाहिरात’ असल्याचे सांगून वाचकाचा रसभंग करू नका, आणि एखादी पोस्ट चुकलीच तर गाजावाजा न करता ती काढून टाका. नव्याने लिहू लागलेली मुले-मुली हा सल्ला मनापासून स्वीकारतात, म्हणून त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणे मला आवश्यक वाटते. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी स्वतःच्या नावाने घेता येणे ही माझ्या मते अस्सलपणाची कसोटी आहे, आणि या संदेशातील जवळजवळ प्रत्येक सूचना आपल्याला त्या कसोटीपासून दूर नेते.

सर्वांत घातक सूचना पहिलीच आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि तो आकडा पाहता पाहता देशभर पोहोचला. केंद्रावरील संवेदक बिघडला असल्याने ही नोंद ग्राह्य नाही, असे हवामान खात्याला नंतर स्पष्ट करावे लागले. ज्यांनी तो आकडा पुढे पाठवला त्यांची भावना खोटी नव्हती; त्या दिवसांतला उकाडा खरोखरच असह्य होता. तरीही भारतातील आजवरचे सर्वाधिक तापमान ५१ अंश असून ते मे २०१६ मध्ये राजस्थानातील फलोदी येथे नोंदले गेले, आणि नागपूरचा स्वतःचा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातील ४७.९ अंश आहे, एवढे पडताळून पाहायला दोन मिनिटेही लागली नसती. शहराचा उच्चांक एका दुपारी आठ अंशांनी मोडला जातो, यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ज्याने जन्मभर इथला उन्हाळा सोसला आहे त्याने तरी थांबायला हवे होते. भावना खरी असली म्हणजे विधान खरे ठरत नाही, आणि वाचकाच्या हाती शेवटी विधानच पडते.

ही घाई केवळ स्वभावाचा भाग नाही, हेही लक्षात घ्यावे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या, तेव्हा खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे नव्हे तर माणसांमुळे पडत होता. त्यातच माध्यमांची रचनाही तटस्थ नसते. कोणती पोस्ट अधिक लोकांना दाखवायची हे ठरवताना फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते आणि २०२० मध्ये ते शून्यावर आणले, हे पुढे कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले. आपण ज्याला स्वतःचा उत्स्फूर्त संताप समजतो त्याला असे खतपाणी मिळत असेल, तर तो उमटताक्षणी लिहिणे याला अस्सलपणा कसे म्हणावे? १७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल परिसरात हिंसाचार उसळला आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली, तेव्हा अफवांचा आणि चिथावणीखोर मजकुराचा काय परिणाम होतो हे या शहराने पाहिले आहे. समाजमाध्यमांवरील पोस्टबद्दल पोलिसांना गुन्हेही नोंदवावे लागले होते. अशा रात्री काही तास गप्प राहणाऱ्या माणसाला मी अधिक प्रामाणिक समजतो.

रोज लिहिण्याच्या आग्रहाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेले ‘मूकनायक’ हे पाक्षिक होते, आणि पंधरा दिवसांच्या अंतरामुळे त्यातील शब्दांचे वजन कमी झाले असे कोणी म्हणणार नाही. सांगण्यासारखे असेल तेव्हा लिहावे. रोजचा रतीब घालणाऱ्याला लवकरच इतरांचा मजकूर आपल्या नावाने खपवावा लागतो.

बोलीचा मुद्दा मात्र मला जवळचा आहे, आणि तिथे संदेश अर्धा बरोबर आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत गंभीर लेखन व्हावे, ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिली’ असे लिहिताना कोणालाही संकोच वाटू नये, यासाठी मी नेहमी आग्रह धरीन. परंतु घरात आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलणारा माणूस कॅमेऱ्यासमोर येताच प्रत्येक वाक्यात ‘काऊन बे’ पेरू लागतो आणि विनोदासाठी एखादे अडाणी पात्र उभे करतो, तेव्हा ज्यांची ती रोजची भाषा आहे त्यांची तो नकळत टवाळी करत असतो. शिवाय १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहराची भाषा कधीच एकसुरी नव्हती. इतवारीत हिंदी आहे, कोष्टी वस्त्यांतील जुन्या घरांत हलबी आहे, शहराच्या आसपास गोंडी आहे. यांतून आपल्या तोंडी जी भाषा घडली तीच लिहावी. ती प्रमाण भाषेच्या जवळ जात असेल तर त्यात खोटे काही नाही.

‘काहीही हातचे राखू नका’ ही सूचना देणारे एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे आपल्या आयुष्याच्या हकिकतीत इतरही माणसे असतात. वडिलांचे आजारपण, बहिणीचे मोडलेले लग्न, शेजाऱ्याचे कर्ज हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात, आणि मोकळ्या जागेत झोपलेल्या, जेवणाऱ्या, थकलेल्या अनुयायांची जवळून टिपलेली छायाचित्रे दरवर्षी भावपूर्ण ओळींसह समाजमाध्यमांवर दिसतात. त्यातील किती जणांना विचारले गेले असेल? श्रद्धेने आलेल्या माणसाला न विचारता दृश्य बनवणे मला आक्षेपार्ह वाटते, मग सोबतच्या ओळी कितीही हृद्य असोत. विचारायला एक वाक्य पुरते, आणि नकार मिळाला तर छायाचित्र न टाकताही त्या दिवसाबद्दल उत्तम लिहिता येते.

पैसे घेऊन केलेल्या शिफारशीबद्दलचा सल्ला तर थेट कायद्याशी विसंगत आहे. सावजीच्या नव्या भोजनालयात फुकट जेवून कोणी पाटवडी रश्श्याची तारीफ केली, तर ते जेवण हाही मोबदलाच आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोख रक्कम, मोफत वस्तू, सवलत, प्रवास अशा प्रत्येक लाभाचा उल्लेख ठळकपणे, शिफारशीच्याच भाषेत करावा लागतो. हॅशटॅगच्या गर्दीत तो दडवता येत नाही, आणि चित्रफितीत तो दिसला पाहिजे तसाच ऐकूही आला पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच शिफारस करणाऱ्यावर आधी एक वर्षापर्यंत आणि नंतर तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. पण दंडाची भीती नसती तरीही माझे म्हणणे हेच राहिले असते. तारीफ वाचून कोणी कुटुंबासह तिथे जातो तेव्हा तो स्वतःचे पैसे मोजतो, आणि ती तारीफ कशी जमली हे कळण्याचा त्याला हक्क आहे. ‘हे जेवण मला विनामूल्य देण्यात आले’ या वाक्याने ज्याचा रसभंग होतो त्याचा रस मुळात फसवणुकीवर उभा होता.

शेवटची सूचना चूक गुपचूप पुसण्याची आहे. ती मुळातच निष्फळ आहे, कारण आपली पोस्ट काढली तरी पुढे गेलेल्या प्रती आणि लोकांनी जपलेले स्क्रीनशॉट तसेच राहतात. व्हॉट्सॲपने २०२० पासून वारंवार पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच गटात किंवा व्यक्तीला पाठवता येईल असे बंधन घातले, त्यामुळे वेग कमी झाला असेल; पण जे पसरले ते परत येत नाही. म्हणून दुरुस्ती मूळ मजकुराच्या वरच, तारखेसह लिहावी, आधी काय म्हटले होते आणि ते का चूक होते हे स्पष्ट सांगावे, आणि ज्या ज्या गटांत चुकीचा मजकूर आपण स्वतः पाठवला होता त्या प्रत्येक गटात दुरुस्ती पाठवावी, तिथे ती कोणी मागितली नसली तरीही.