डोळे मिटलेले चालत नाहीत

परवाच्या रविवारी मी तणावमुक्त झाले. कागदोपत्री. पुरावा म्हणून जिओटॅगवाला फोटो आहे. त्यात अक्षांश आहे, रेखांश आहे, वेळ आहे, आणि समोरच्या माणसाला खाऊ की गिळू अशा नजरेने बघणारी मी आहे.

शनिवारी रात्री 9.40 ला ग्रुपवर पत्र पडलं. ‘शिक्षकांचे मानसिक आरोग्य व ताणतणाव व्यवस्थापन. उद्या सकाळी 10 वाजता. उपस्थिती अनिवार्य. अनुपस्थित राहिल्यास खुलासा घेण्यात येईल.’ त्याखाली सत्तेचाळीस जणांनी हात जोडले. मीही जोडले. न जोडणाऱ्याचा खुलासा आधी घेतात.

खरं तर रविवारी दहाला माझा पेटीचा क्लास असतो. बारा वर्षांची सेवा झाल्यावर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, तिचा फरक हातात आला तेव्हा घरी सगळ्यांची तोंडं फ्रीजकडे होती. मी पेटी आणली. शिकवणारा मुलगा तेवीस वर्षांचा. गेल्या महिन्यात त्याने विचारलं, “मॅडम, भूपाचे अलंकार बसवलेत का?” आणि मी, वीस वर्षं पोरांच्या थापा ऐकणारी बाई, त्याला म्हणाले, “सर, वही शाळेत राहिली.” त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसंच मी दुसरीतल्या मुलांकडे बघते. हा सलग तिसरा रविवार बुडणार होता.

तर ध्यान. तज्ज्ञ मॅडम पुण्याहून आलेल्या, आवाज अगदी मऊ. म्हणाल्या, “डोळे मिटा. तुम्ही समुद्रकिनारी आहात.” मी गेले समुद्रकिनारी. तिथे तांदूळ होता. पोषण आहारात पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, शुक्रवारी हजर 31 मुलं, म्हणजे 3 किलो 100 ग्रॅम. रजिस्टरला मी 3 किलो 200 लिहिलं होतं. ते बत्तिसावं मूल कोण? किनाऱ्यावर बरंच शोधलं, सापडलं नाही. मग कसं कोण जाणे, खरंच शांत वाटलं. चारएक मिनिटं. घसाही दुखेनासा झाला. (घशाच्या डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितलं आहे. पहिली-दुसरीच्या जोडवर्गात मौन!) अशात खांद्यावर बोट टोचलं.

“मॅडम, तुमचा फोटो रिजेक्ट हाय.”

हे ऑपरेटर. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, बगलेत दुसरा मोबाईल.

“का?”

“डोळं मिटल्यात.”

“सर, ध्यान चाललंय.”

“व्हय की. पण डोळं मिटलेला फोटो चालत न्हाई.”

“ध्यान डोळे मिटूनच करतात.”

“ते तुमचं झालं. मागल्या ट्रेनिंगला असलं सा फोटो वर गेलं. वरनं फोन, मास्तरलोकं झोपायला बोलवलीत काय? बोलणी कुणी खाल्ली? म्या. तुमी ध्यान करून मोकळ्या.”

“मग खाली लिहा ना, ध्यान म्हणून.”

“लिव्हायला जागाच न्हाई. यादीतनं निवडायचं. व्याख्यान, गटचर्चा, प्रात्यक्षिक, चहापान. ध्यान न्हाई त्यात.”

“प्रात्यक्षिक निवडा.”

त्यांनी माझा फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. “प्रात्यक्षिकात हात हलाय पायजेत, मॅडम. तुमचं कायच हलंना.”

मी म्हटलं, मग चहापान टाका. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “कप न्हाई.”

एव्हाना तज्ज्ञ मॅडमचा समुद्र ओसरला होता. ऑपरेटरांनी पुढे जाऊन जाहीर केलं, “सगळ्यांनी परत ध्यानाला बसा. ह्या बारीला डोळं उघडं ठेवून. शांत बघा. अवो शांत! दुसऱ्या वळीतल्या मॅडम, तुमी शांत दिसत न्हाई. जरा ताण गेल्यागत करा.”

ताण गेल्यागत करा! एकशे दहा शिक्षक, डोळे सताड उघडे, तळवे गुडघ्यावर, समोरच्या फळ्याकडे बघत तणावमुक्त होताहेत. फळ्यावर आदल्या बैठकीचं ‘आधार प्रलंबित विद्यार्थी : तात्काळ’ तसंच राहिलेलं. आमच्यातला एकच माणूस पहिल्या फोटोत पास झाला. पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणारे गुरुजी. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याने त्यांनी काळा चष्मा लावला होता. ते पहिल्यापासून घोरत होते.

जेवताना कळलं, ऑपरेटर कंत्राटी. दोन महिन्यांचं मानधन अडकलंय, आणि रविवार त्यांचाही गेलाच. त्यांना समुद्रकिनारी कुणी नेलं नाही. हे कळल्यावर माझा राग अर्ध्यावर आला. उरलेला अर्धा कुठे ठेवायचा ते समजेना, तो अजून पर्समध्येच आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. चांगली गोष्ट आहे, मी कुरकुरत नाही. पण ते तास नेमके कुणाच्या ताटातले काढायचे? वर्गातले काढले तर मुलं वाऱ्यावर, कारण शाळा दोनशिक्षकी. मग रविवारातून काढा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नये. आता माझा ताण घालवणं हे शैक्षणिक काम की अशैक्षणिक, यावर कुणीतरी मार्गदर्शन मागवावं. विनोद बाजूला ठेवून सांगते, मला पुण्याच्या मॅडमची ती चार मिनिटं आवडली होती. मोबाईल बंद ठेवून तशी आणखी दहा दिली असती, तर मी स्वतःहून टाळ्या वाजवल्या असत्या. मात्र आम्हाला रात्री साडेनऊनंतर ‘तात्काळ’ पाठवायचं नाही, एवढं केलं तर समुद्राचीसुद्धा गरज नाही. पेटी आहे घरी.

तात्काळमध्ये तरी काय असतं? शाळेत जलतरण तलाव किती? निरंक. परदेशी विद्यार्थी किती? निरंक. आणि नसल्यास गप्प बसायची सोय नाही, ‘माहिती निरंक असल्यास तसा अहवाल द्यावा’. हा शब्द मी इतका लिहिते, इतका मोठ्याने पुटपुटते, की दुसरीतल्या एका पोरीने परवा वजाबाकीत लिहिलं : 7 – 7 = निरंक. मी बरोबरची खूण केली.

संध्याकाळी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलेले असताना ग्रुपवर लिंक आली. अभिप्राय फॉर्म, रात्री अकराच्या आत, न भरणारे गैरहजर. ‘आपला ताण किती कमी झाला?’ एक ते पाच. मी पाच केले, खुलासा कोण लिहीत बसणार? शेवटी ‘सूचना असल्यास’ आणि त्यापुढे लाल फुली, म्हणजे नसल्या तरी भरायच्याच. मी लिहिलं, निरंक. फॉर्म म्हणाला, किमान 50 अक्षरे आवश्यक.

मी वर्गात निरंक हा तीन अक्षरी शब्द म्हणून शिकवते. मधल्या जागा धरून तेरा वेळा लिहावा लागेल असा हिशेब केला. पण फॉर्म वेलांटी आणि अनुस्वारही वेगळे मोजतो, त्यामुळे नऊ वेळांतच भागलं.