अर्थिंग काढून बिल कमी होत नाही, हा मेसेज पुढे पाठवू नका

"वीज खात्यातून रिटायर झालेल्या इंजिनिअरने सांगितलेलं गुपित, तुमचं बिल अर्ध्यावर येणार" असा एक लांबलचक मेसेज सध्या गोव्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. म्हापशाच्या एका ग्रुपवर पहिल्यांदा बघितला तेव्हा सोडून दिला होता, रोज असलं काहीतरी येतंच. पण मग डिचोलीहून थोरल्या काकांचा फोन आला, अरे उद्या वायरमन पोरगा येतोय, गिझरची अर्थिंगची वायर काढून टाकायला सांगितलीय त्याला, तिथून वीज जमिनीत जाते असं लिहिलंय ना त्यात, आणि तो प्लगात लावायचा डबा पण मागवलाय. काकांना फोनवरच थांबवलं. पण असे किती काका-काकी असतील ज्यांना कोणी थांबवलं नसेल, म्हणून हे लिहितोय, आणि रागाने लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत मेसेज आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यात म्हटलंय की अर्थिंग काढा, वीज वाचवणारा डबा लावा, नवीन डिजिटल मीटर तीस टक्के जास्त पळतात, ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, रात्री फ्रिज बंद करा, एसी १६ वर लावून खोली पटकन गार करा, आणि मोबाईलचे चार्जर प्लगात ठेवू नका कारण तेच खरे वीजचोर.

अर्थिंगचं आधी, कारण बाकीच्यात पैसे जातील, यात माणूस जाईल.

वीज फेजच्या वायरने आत येते आणि न्यूट्रलने परत जाते. अर्थिंगची हिरवी वायर नुसती तयार असते, सगळं ठीक असेल तेव्हा तिच्यातून मोजण्यासारखं काही वाहत नाही. ती कामाला येते कधी, तर गिझरच्या कॉइलचं वरचं आवरण फुटतं आणि आतलं पाणी, टाकी, नळ सगळ्यात करंट उतरतो तेव्हा. अर्थिंग असेल तर तो करंट त्या हिरव्या वायरने जमिनीत जातो, बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, खटकन पडतो आणि तुम्हाला कळतं की काहीतरी बिघडलंय. अर्थिंग काढलेली असेल तर तो करंट तिथेच टाकीवर, नळावर राहतो, आणि ओल्या पायाने न्हाणीत उभं राहून नळ धरणाऱ्या माणसातून जमिनीत जातो. साधारण १० मिलीअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काहीपट झालं की हृदय बंद पडतं. ईएलसीबी चांगला असेल तर तो तेव्हाही पडेल, पण तो पडायला करंट तुमच्या अंगातून जावा लागेल, आणि आपल्याकडे जुन्या घरांत कितीतरी ठिकाणी तो बसवलेलाच नाही, किंवा सारखा पडतो म्हणून कोणीतरी डायरेक्ट जोडून टाकलेला आहे.

आता यातलं अर्धं खरं काय तेही सांगतो, नाहीतर म्हणाल ऐकूनच घेत नाही. वायरिंग खराब असेल तर थोडा करंट अर्थिंगमधून खरंच गळतो आणि तो मीटरमध्ये मोजला जातो. चिऱ्याच्या भिंती, पावसात चार महिने ओल, भिंतीतले वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे जॉइंट, गळती होऊ शकते, मान्य. पण किती? घरगुती ईएलसीबी ३० मिलीअँपिअरला पडतो. समजा गळती अगदी तेवढ्यावर येऊन थांबली, चोवीस तास, महिनाभर, तरी २३० व्होल्टला ती सात वॉटसुद्धा होत नाही, म्हणजे महिन्याला साधारण ५ युनिट. या पाच युनिटांसाठी न्हाणीतला नळ जिवंत करून ठेवायचा? आणि गळती त्याहून जास्त असेल तर ती शोधून दुरुस्त करायची असते, ती दाखवणारी वायर कापायची नसते. उलट आपल्याकडे मे महिन्यात जमीन वाळून कोरडी होते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालतात, आमच्या आजोबांच्या घरी हे काम ठरलेलं असायचं, कारण कोरड्या मातीत अर्थिंग नीट धरत नाही. ज्या गोष्टीची लोक इतकी काळजी घेत आले ती एका मेसेजवर कापायची?

ज्यांनी हा मेसेज वाचून वायर काढून घेतलीय त्यांनी गिझर, वॉशिंग मशीन आणि विहिरीचा पंप आजच बंद ठेवा आणि लायसन असलेल्या वायरमनला बोलावून ती परत जोडून घ्या, ईएलसीबी नसेल तर तोही बसवून घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं की तो पडला पाहिजे, महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

आता डबा. हजार-दीड हजाराला मिळतो, प्लगात लावला की हिरवी लाईट लागते. जत्रेच्या फेरीत याचं प्रात्यक्षिक पण दाखवतात, एक मोटर चालू करतात, वायरला टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजणारा चिमटा, लावतात, डबा लावला की अँपिअर खाली येतात आणि बघणारे पाकीट काढतात. अँपिअर खरंच खाली येतात, तिथे खोटं काही नाही. आत कपॅसिटर असतो, त्याने पॉवर फॅक्टर, म्हणजे आलेल्या करंटातला खऱ्या कामाला लागणारा वाटा, सुधारतो, मोटरला लागणारा जो करंट नुसता ये-जा करत असतो तो कमी होतो. पण घराचं मीटर अँपिअर मोजत नाही, ते किलोवॉट-अवर मोजतं, खरी वापरलेली वीज, आणि ती डबा लावल्यावरही तेवढीच राहते. टाँग टेस्टरच्या जागी वॉट दाखवणारं मीटर लावायला सांगा, विकणारा लावणार नाही. कारखान्यांचा हिशोब वेगळा असतो, वेर्णा-कुंडईच्या फॅक्टऱ्यांना पॉवर फॅक्टर खराब असला तर जास्त पैसे पडतात म्हणून ते मोठे कपॅसिटर बसवतात आणि त्यांचा फायदा होतो. तीच गोष्ट उचलून घरगुती माणसाला विकतायत. अमेरिकेत मोजमापांची प्रमाणं ठरवणारी एनआयएसटी नावाची सरकारी संस्था आहे, तिने २००९ मध्ये बरोबर याच विषयावर एक तांत्रिक टिपण काढलं, आणि त्यात स्पष्ट आहे की घरगुती ग्राहकाला बिल खऱ्या विजेचं येतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारून त्याचं बिल कमी होत नाही, घरातल्या वायरीत उष्णता म्हणून जाणारी थोडीशी वीज वाचेल तेवढीच. हे टिपण निघून इतकी वर्षं झाली, डबा अजून विकला जातोय आणि ती हिरवी लाईट तुमच्याच मीटरवर जळतेय.

"डिजिटल मीटर तीस टक्के पळतात." यात लोकांचा अनुभव खोटा नाही, मीटर बदलल्यावर कितीतरी घरांत बिल वाढतं. पण कारण उलटं आहे. जुनी चकतीची मीटरं वर्षानुवर्षं फिरून झिजतात आणि हळू होतात, आणि टीव्हीचा स्टँडबाय, राउटर, सेट-टॉप बॉक्स असल्या बारीक लोडला तर ती चकती कधीकधी हलतच नव्हती. नवीन मीटर तेही मोजतं. त्याच्या तोंडावर क्लास १ लिहिलेलं दिसेल, म्हणजे चूक ठरलेल्या लोडला एक टक्क्याच्या आसपास धरलेली असते, तीस नाही. तरी एखादं मीटर बिघडू शकतं, त्यासाठी अर्ज करून तपासून घेता येतं. मेसेजखाली कोणीतरी मीटरवर लोहचुंबक ठेवायचा सल्लाही दिलाय, तो तर मुळीच करू नका, ती वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आताची बरीच मीटरं चुंबक ओळखून त्याची नोंद करतात, काही तर चुंबक लागला की जास्तीत जास्त लोड धरून युनिट मोजायला लागतात.

स्लॅबची भीती खूप जणांना आहे, आमच्या शेजारच्या काकी महिनाअखेरीला पंखा बंद करून बसतात ३०० च्या आत राहायला. काकी, तसं नसतं. गोव्यात घरगुती स्लॅब शंभर-शंभरचे आहेत, पहिले १०० युनिट सगळ्यात कमी दराने, पुढचे १०० त्याच्या वरच्या, मग त्याच्या वरच्या. ३०१ वं युनिट झालं तर वरचा दर त्या एका युनिटाला, आधीच्या ३०० ला नाही. बिलावर स्लॅबप्रमाणे ओळी वेगवेगळ्या छापलेल्या असतात, बघून घ्या. घर बंद असूनही बिल का येतं तर स्थिर आकार मंजूर लोडवर लागतो, तो युनिट शून्य असले तरी असतो. एक मात्र खरंच बघण्यासारखं आहे, बिल किती दिवसांचं आहे. रीडिंग उशिरा घेतलं आणि दिवस जास्त झाले तर स्लॅबची मर्यादाही त्याच प्रमाणात वाढवून लावलेली पाहिजे, नसेल तर ती रीतसर तक्रार आहे, ती करा.

फ्रिज रात्री बंद करून काय होतं? सकाळी चालू केला की गरम झालेलं सगळं परत गार करायला कॉम्प्रेसर तेवढा वेळ सलग चालतो, वाचलं ते बहुतेक तिथेच जातं. आणि मे महिन्यातल्या उकाड्यात आत सुंगटं नाहीतर बांगडे ठेवलेले असले तर पोट बिघडायचं वेगळं. दाराचं रबर बघा, कागद अडकवून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदला, त्यात खरी बचत आहे. चार्जर नुसता लावून ठेवला तर महिन्याला पाव युनिटही जात नाही, ठेवा किंवा काढा. सेट-टॉप बॉक्स मात्र रिमोटने बंद केला तरी आत चालूच असतो, १० वॉट धरले तर महिन्याला सात युनिट, त्याचं बटण भिंतीवरूनच बंद करा, हा एक मुद्दा मेसेजमध्ये असायला हवा होता तो नेमका नाही.

एसी १६ वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही. साधा एसी चालतो तेव्हा पूर्ण ताकदीनेच चालतो, १६ म्हणजे फक्त तो थांबणार नाही. आपल्या दमट हवेत १६ गाठणंही कठीण, इन्व्हर्टर एसी पण मग जोरातच चालत राहतो. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं की एक डिग्री वर ठेवली की साधारण ६ टक्के वीज वाचते, म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी चालू केल्यावर २४ वर येतील असा नियम केलाय. २५-२६ वर ठेवून पंखा लावा, झोप तशीच लागते.

मग पैसे जातात कुठे? गरम करणाऱ्या, गार करणाऱ्या आणि खूप तास चालणाऱ्या गोष्टींत. दोन हजार वॉटचा गिझर तासभर तापत राहिला की २ युनिट. पंधरा लिटर पाणी आंघोळीपुरतं तापायला अर्धा-पाऊण युनिट पुरतं, पण आपण सकाळी बटण लावतो आणि घरातला शेवटचा माणूस आंघोळीला जाईपर्यंत ते तसंच असतं. पंख्याकडे तर कोणी बघतच नाही, गोव्यात तो वर्षभर फिरतो. जुना ७५ वॉटचा पंखा रोज बारा तास म्हणजे महिन्याला २७ युनिट, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटचा धरला तर ११, आणि घरात चार पंखे असतील तर तुम्हीच हिशोब करा. तो डबा घ्यायचे पैसे अशा एका पंख्यात घाला. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांनी पंपाचा फूट वॉल्व्ह आणि वरच्या टाकीचा फ्लोट बघा, संडासातला फ्लश गळत असेल तर ते पाणी चढवायला पंपच चालतो. आणि चवथीनंतरचं बिल वाढलेलं असेल तर आधी आठवा, घरात किती माणसं होती, किती गिझर तापले, लायटिंगच्या माळा किती रात्री चालू होत्या.

एवढं करूनही बिल पटत नसेल तर एक तपासणी घरच्या घरी होते. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा आणि राउटरचा प्लग काढा, इन्व्हर्टर असेल तर तोही, मेन स्विच चालूच ठेवा. मग मीटरवरच्या लाल दिव्याकडे दहा-पंधरा मिनिटं बघा. काहीच चालू नाही आणि तरी दिवा लुकलुकतोय, तर वायरिंगमध्ये गळती आहे नाहीतर तुमच्या लाईनीवर दुसरं काहीतरी जोडलेलं आहे, वायरमनला बोलवा. लुकलुकत नसेल तर एकेक वस्तू लावून मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिलं असेल तर तेवढ्या वेळा लुकलुकलं की एक युनिट होतं, म्हणजे मिनिटाला १० वेळा असेल तर साधारण १९० वॉट लोड चालू आहे. मीटरवर दुसरा आकडा असेल तर तो धरा. हिशोबाने येतंय त्याच्यापेक्षा मीटर फारच जास्त दाखवतंय असं वाटलं तर रीडिंगचा तारखेसकट फोटो काढा, बिलावरचं मागचं आणि चालू रीडिंग त्याच्याशी जुळवा, घर बंद म्हणून अंदाजे बिल आलंय का ते बघा, आणि सब-डिव्हिजनच्या ऑफिसात मीटर तपासणीचा अर्ज द्या. अर्जाची पोच सही-शिक्क्याची घ्या.