काळी वायर कुठं लावायची असते बे?

आज सकाळी सव्वानऊला चावी फिरवली अन् गाडी म्हणाली "टक". बस, एवढंच. सोमवार, नवतपा सुरू, पार्किंगमधली फरशी सकाळीच तव्यासारखी तापून राहिली, दहाच्या आत ऑफिसात पोहोचायचं, अन् माझी सॅन स्टॉर्म टक म्हणून गप. शुक्रवारी रात्री चांगली ठणठणीत उभी केली होती. शनिवार-रविवार हातही नाही लावला. दुसऱ्या मजल्यावरचे काका बाल्कनीत चहा पिऊन राहिले होते, वरूनच म्हणे, "बसली का जी बॅटरी?" हो काका, बसली. तुम्हीही बसा.

दुकानात फोन लावला. मागच्या महिन्यात जिथून नवीन स्टिरिओ बसवून घेतला तिथं. माझं अर्धं वाक्यही झालं नसेल तर शेठ म्हणते, "भाऊ, गाडी जुनी आहे ना, होत राहते."

गाडी जुनी आहे! हे वाक्य या महिन्यात चौथ्यांदा ऐकलं मी, अन् दरवेळी असं काही, की मी गाडी नाही तर म्हातारा बैल घेऊन आलो त्याच्या दारात. अबे गाडी जुनी आहे, बॅटरी सात महिन्यांची आहे. स्टिरिओ एक महिन्याचा आहे. तुमच्या पोट्ट्यानं पिळलेल्या वायरी तर दहा दिवसांच्या आहेत. यात जुनं कोण आहे सांगा ना.

पहिल्या वेळी काय, तर चावी काढली की स्टिरिओ सगळं विसरायचा. घड्याळ बारावर, स्टेशनं गायब, ब्लूटूथला रोज नव्यानं ओळख करून द्यायची, लग्नात बायकोच्या लांबच्या मामाला देतो तशी. आता पिवळी वायर म्हणजे चोवीस तास बारा व्होल्ट अन् लाल म्हणजे चावीसोबत चालू-बंद, हे त्या डब्याच्या डोक्यावर स्टिकरवर छापून असते. यानं उलटं लावलं. ठीक आहे, होते. परत गेलो, सांगितलं. तर त्यानं अदलाबदल करायची सोडून लाल अन् पिवळी एकत्र पिळल्या अन् दोन्ही दिल्या डायरेक्ट बॅटरीच्या लाइनवर. "आता नाही विसरत दादा."

नाहीच विसरला. तीन रात्री झोपलाच नाही बिचारा. गाडी बंद, चावी माझ्या खिशात, अन् हा आत एकटा जागा. संध्याकाळी मल्टिमीटर लावून पाहिलं तर बंद गाडीत ४८० मिलिअँपिअर खाऊन राहिला होता. पन्नासच्या आत पाहिजे. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अन् साठ तास, करा हिशोब. सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे शुक्रवारी रात्री दार लावताना स्क्रीनवर घड्याळ चमकताना मला दिसलं होतं, अन् मी मनात म्हटलं, वा, काम मस्त केलं पोट्ट्यानं.

तरी हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण ती सुंईईई नाही सोडत मी.

गाडी चालू केली की स्पीकरमधून बारीक सुंई. ॲक्सिलरेटर दाबला की सुंईईईई. सोडला की खाली येते. गाणं हळू आवाजात लावलं तर गाणं कमी अन् सुंई जास्त. वर्धा रोडवर सिग्नल सुटला की वाटते मागं कोणी मच्छर घेऊन बसला आहे, अन् मच्छरही गिअर टाकून राहिला. दुकानात नेली तर शेठनं साडेचारशे रुपयांचा नॉइज फिल्टर लावला. सुंई तशीच. मग म्हणते अल्टरनेटर बदला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करते तो. अल्टरनेटर! स्टिरिओ बसवायच्या आदल्या दिवसापर्यंत गाडी मुकी होती, अन् आता अल्टरनेटर बदलू मी? का, तर गाडी जुनी आहे.

आता ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, सॅन स्टॉर्मची बॉडी फायबरची. पत्रा नाहीच. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मी सांगितलं होतं, भाऊ, बॉडीला अर्थिंग मिळणार नाही, काळी वायर, करंट परत जायची ती, खालच्या लोखंडी चेसीपर्यंत न्या. "हाव दादा, हाव." तीनदा हाव म्हणाला. मग आज रात्री आठ वाजता डॅशबोर्डखाली उलटा लोंबकळून, तोंडात टॉर्च धरून, पाहतो तर काळी वायर कुठं? स्क्रू मारून फायबरमध्ये घट्ट बसवलेली. वॉशर लावून, बरं का! एवढ्या प्रेमानं मारलेला स्क्रू मी उभ्या आयुष्यात नाही पाहिला. अरे मग घरची प्लास्टिकची बादली पण आणून दे, तिलाही अर्थिंग करू.

मग हा डबा इतके दिवस चालत कसा होता? तिथंच तर माझं डोकं फिरलं. सीटच्या मागं माझा जुना छोटा ॲम्प आहे, आवाज वाढवायचा डबा, त्याचं अर्थिंग मी स्वतः चेसीच्या बोल्टला दिलेलं आहे. सुंई कुठून येते ते शोधायला मी स्टिरिओतून ॲम्पला गाणं नेणारी आरसीए केबल उपटली, अन् स्टिरिओच बंद! पुन्हा लावली, चालू. म्हणजे हा महाशय आपला सगळा परतीचा करंट त्या आरसीएच्या केसासारख्या जाळीतून ॲम्पकडे पाठवून राहिला होता अन् तिथून चेसीला. नागपूरहून वर्ध्याला जायचं तर अमरावतीवरून! त्याच जाळीच्या भरवशावर गाणंही येते, मग अल्टरनेटरची सगळी किरकिर गाण्यात मिसळणार नाही तर काय. काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर ०.९ व्होल्ट. तिथं शून्याच्या आसपास पाहिजे. अन् हा भैताड मला अल्टरनेटर विकत होता.

अन् आता निघालंच आहे तर, वायर दातानं सोलणं बंद करा ना बाप्पा. कटर तिथंच टेबलावर पडलेला असते, तरी वायर आधी तोंडात. अन् ती काळी टेप. नागपुरात ४५ डिग्रीमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डमागं ती टेप एका उन्हाळ्यात गुळाच्या पाकासारखी होते, हाताला चिकटते, वायरीला नाही. श्रिंक स्लीव्ह, गरम केली की वायरीवर आवळून बसते ती नळी, मागितली तर असे पाहतात जसं मी हुंडा मागितला. अन् डब्यावर ते "५० वॉट गुणिले ४". बारा-चौदा व्होल्टवर, ॲम्पशिवाय, चार ओमच्या स्पीकरला पन्नास वॉट कुठून काढता जी? वीस-बावीस खरे निघाले तर नारळ फोडा. अन् डाव्या दारातला स्पीकर उलटा लावलेला, प्लसचं मायनस, म्हणून बेस गायब. पेन्सिल सेल टेकवला वायरींना, उजव्याचा कोन बाहेर आला, डाव्याचा आत गेला. दोन मिनिटांची तपासणी आहे, पण नाही, बेस कमी वाटते तर म्हणे सबवूफर मोठा घ्या.

हे सगळं मी तोंडातल्या तोंडात बडबडून राहिलो होतो, टॉर्चमुळे शब्द नीट निघत नव्हते, लाळ गळून राहिली होती, अन् मग म्हटलं या पोट्ट्यानं कंपनीचं कपलर, वायरी जोडायचा तो प्लग, का कापलं ते तर पाहू. कपलर असतं तर लाल-पिवळीचा घोळ झालाच नसता, नुसतं खटकन बसवायचं होतं. मागं हात घातला. कापलेली टोकं हाताला लागली. टोकांवर टेप. हिरवी टेप.

हिरवी टेप माझी आहे.

२०११ मध्ये गाडी घेतली त्याच आठवड्यात मी स्वतः, दाढीच्या ब्लेडनं, मोठ्या हुशारीत, जुन्या कॅसेट प्लेयरचं कपलर कापून यूएसबीवाला डबा बसवला होता. हिरवी टेप घरी होती म्हणून हिरवी. रंगांचा काही हिशोब नाही ठेवला, कारण "मला लक्षात राहते". राहिलं ना! त्या पोट्ट्याच्या हातात आठ वायरींचा गुंता आला होता, चार एकाच रंगाच्या, अन् त्यानं अंदाजानं लावल्या. फायबरमधल्या स्क्रूला मात्र माफी नाही. तो त्याचाच.

तेवढ्यात खाली कोणाच्या चपला वाजल्या. दुसऱ्या मजल्यावरचे काका. हातात जंपर केबल. सकाळी मी बसा म्हटलं होतं ते ऐकलं की नाही माहीत नाही, बोलले काही नाही, आपली गाडी पुढं लावली अन् लाल-काळं चिमटे बरोबर जागी लावले. काळा कुठं? इंजिनच्या लोखंडाला. मी विचारलंही नाही अन् सत्तरीच्या माणसाला बरोबर माहीत होतं. एका झटक्यात सुरू.

मग चेसीचा बोल्ट घासून चकचकीत केला, काळ्या वायरीच्या टोकाला लग, म्हणजे धातूची कडी, दाबला, आवळला. लाल वायर सिगारेट लायटरच्या लाइनवर नेली, चावीसोबत चालू-बंद होते ती. गाडी चालू. ॲक्सिलरेटर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काहीच नाही! सुंई मेली. एवढी शांतता की दाराच्या पॅनलची खडखड पहिल्यांदाच ऐकू आली.

रात्री साडेदहाला बायकोला घेऊन फुटाळ्यापर्यंत चक्कर मारायला निघालो, विविध भारती लावली. गाणं कमी, खरखर जास्त. खाली पत्राच नाही तर अँटेनाला आधार कशाचा, त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते, ती या रविवारी. बायको म्हणे, "दिवसभर हेच करून राहिला होता ना, मग हे काय वाजून राहिलं?"

म्हटलं, अगं, गाडी जुनी आहे.