काचेच्या इमारतीतली शाळा: 'घणसोलीकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

घणसोलीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, म्हणून इतर वाचकांसाठी आधी तिचा गोषवारा. रिकाम्या पडलेल्या ऑफिस इमारतीत महापालिकेची शाळा भरवता येईल, असं मूळ लेखात म्हटलं होतं. उदाहरणाला नवी मुंबईतल्या सीबीडी बेलापूरमध्ये दिसते तशी तळमजला अधिक चार मजल्यांची, मजल्याला ६०० चौरस मीटरची इमारत धरली होती आणि वरच्या चार मजल्यांवर २४ वर्ग बसवून दाखवले होते. त्यावर तुमचे आक्षेप असे: ऑफिसचा स्लॅब मुलांचा भार पेलणार नाही, काचेच्या बंद पेटीत मुलं गुदमरतील, मैदान कुठे आहे, आणि शेवटी "अमेरिकेतले लाड इथे नकोत, पाडा आणि नवी बांधा".

भाराबद्दल तुम्ही चुकताय, काचेबद्दल बरोबर आहात, मैदानाबद्दल निम्मे बरोबर. पण आमचा २४ वर्गांचा आकडाही चुकलाय, आणि त्याचं कारण तुमच्या यादीत नाही. ते कारण म्हणजे जिना.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६ ची) ऑफिससाठी माणशी १० चौरस मीटर धरतात आणि शाळेसाठी ४. म्हणजे ६०० चौरस मीटरच्या मजल्यावर ऑफिस असेल तर ६० माणसं, शाळा असेल तर १५०. प्रत्यक्षात बसवलेली माणसं याहून जास्त असतील तर तो मोठा आकडा धरायचा. सहा वर्ग, प्रत्येकात ४० मुलं, वर शिक्षक आणि सेवक, म्हणजे मजल्यावर २५० माणसं. जिन्याची रुंदी माणशी १० मिलिमीटर लागते. म्हणजे एकूण अडीच मीटर. इमारतीत दीड-दीड मीटरचे दोन जिने आहेत, बेरीज तीन मीटर. कागदावर पास! मूळ लेखात आम्ही इथेच थांबलो होतो.

आता त्यातला एक जिना धुराने भरलाय असं समजा. उरलेल्या दीड मीटरमधून १५० माणसं उतरतील. १०० मुलं वर अडकतील. संहिता असा हिशेब सक्तीने मागत नाही, पण मुलांच्या इमारतीत तो केल्याशिवाय आकडा लिहू नये. १५० च्या आत बसायचं तर मजल्यावर चार वर्ग, वर्गात ३५ मुलं, म्हणजे १४०, आणि सहा मोठी माणसं. एकूण १४६. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी एका शिक्षकामागे ३५ मुलांचं प्रमाण आहेच, त्यामुळे हा आकडा हवेतला नाही. चार मजल्यांवर १६ वर्ग, ५६० मुलं. तळमजल्यावर लहानांचे तीन वर्ग, ३० च्या हिशेबाने ९०. एकूण ६५०. मूळ लेखात वरच्या मजल्यांवरच ९६० मुलं बसवली होती.

दोन जिने असणं पुरेसं नाही, ते एकमेकांपासून लांब हवेत. नवी मुंबईतल्या बऱ्याच ऑफिस इमारतींत लिफ्ट, जिने, डक्ट (तारा-पाइपांच्या उभ्या पोकळ्या), स्वच्छतागृहं सगळं मधोमध एकाच गठ्ठ्यात असतं, कारण मग चारी बाजूंची काचेची जागा भाड्याने देता येते. तिथे दोन्ही जिन्यांची दारं एकाच लॉबीत उघडतात. लॉबीतल्या इलेक्ट्रिक डक्टला आग लागली की दोन्ही जिने एकदमच गेले. अशा इमारतीला बाहेरून तिसरा जिना जोडावा लागतो: दीड मीटर रुंद, पायरी १५० मिलिमीटरपेक्षा उंच नाही, ३०० मिलिमीटर पाऊल. तो इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेत येतो, पण अग्निशमनाची गाडी फिरायला ६ मीटर सोडावे लागतात. ते सोडून जिन्याला जागा उरत नसेल तर ती इमारत शाळेसाठी विसरा. कार्पेट एरिया कितीही आकर्षक असू दे.

जिन्याच्या दाराची गोष्ट बारीक वाटेल, पण घोटाळा तिथेच होतो. ऑफिसच्या जिन्याला दोन तास आग अडवणारं, आपोआप बंद होणारं लोखंडी दार असतं. लहान मुलाला ते ढकलवत नाही. मग पहिल्याच आठवड्यात कुणीतरी दाराखाली वीट किंवा फरशीचा तुकडा सरकवतं आणि दार कायमचं उघडं राहतं. आग लागली की धूर सरळ जिन्यात. सेवकांना दम देऊन हे थांबत नाही. दार उघडं धरणारा विद्युतचुंबक बसवायचा आणि तो अलार्मशी जोडायचा: घंटा वाजली किंवा वीज गेली की चुंबक सुटतो, दार बंद. सोबत मोठ्यांच्या कठड्याखाली साधारण ६५० मिलिमीटरवर मुलांसाठी दुसरा हातधर, आणि कठड्याच्या गजांमध्ये १०० मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. जिन्याखाली मोडकी बाकं आणि रंगाचे डबे ठेवायची आपल्याकडची परंपरा आहे, ती वेगळी.

आता स्लॅब. आयएस ८७५ या इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात स्वतंत्र साठवणखोली असलेल्या ऑफिससाठी चौरस मीटरला २५० किलो चल भार (माणसं आणि सामानाचं वजन) धरतात, साठवणखोली नसेल तर ४००. वर्गखोलीला लागतात ३००. म्हणजे कित्येक ऑफिस इमारती वर्गखोलीपेक्षा जास्त भारासाठीच बांधलेल्या आहेत. अडचण वर्गात नाही, वर्गांबाहेरच्या मार्गिकेत आहे (४००), आणि पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीत (६००). ग्रंथालय तळमजल्यावर घ्या, प्रश्न मिटला. बाकी भार आपण आपल्या हाताने वाढवतो. वर्गांच्या मधे सहा इंची विटेची भिंत घातली तर तीन मीटर उंचीला प्लास्टर सोडून मीटरमागे साडेआठशे किलोच्या आसपास वजन पडतं. चार इंची हलक्या ब्लॉकची भिंत प्लास्टरसकट त्याच्या निम्म्याहून कमी. जिप्समची दोन्ही बाजूंनी दुहेरी पत्रे आणि आत रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) अशी भिंत त्याहूनही हलकी. फक्त ती फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका. ती वर स्लॅबपर्यंत नेली नाही तर शेजारच्या वर्गातले पाढे या वर्गात ऐकू येतात, आणि धूरही त्याच वाटेने येतो.

तुम्ही भाराऐवजी भूकंपाचं विचारायला हवं होतं. ठाणे आणि नवी मुंबई आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतात. त्यात इमारतीच्या महत्त्वाचा एक गुणक असतो. साध्या ऑफिसला १, दोनशेपेक्षा जास्त माणसं असलेल्या व्यापारी इमारतीला १.२, आणि शाळेला १.५. जुन्या, म्हणजे २०१६ पूर्वीच्या ऑफिसचं डिझाइन १ ने झालेलं असणार. तीच इमारत शाळा झाली की तिला दीडपट आडवं बल सोसता आलं पाहिजे. स्लॅब पास होऊन खांब नापास होतात ते असे. त्यात तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर मोकळा असेल, तर वरच्या मजल्यांत भिंती वाढवणं म्हणजे काड्यांवर पेटी ठेवणं. तिथे खांबांना जॅकेटिंग (भोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचा थर) किंवा तळमजल्यावर काँक्रीटच्या भिंती लागतात, त्याही इंजिनियर सांगेल तिथेच. एका कोपऱ्यात भिंत घातली की इमारत पिळवटते.

मूळ नकाशे मिळाले तर उत्तम. नसतील तर सळ्या शोधणारं यंत्र, काँक्रीटचे कोअर (कापून काढलेले नमुने) आणि कार्बोनेशनची, म्हणजे हवेने काँक्रीट किती खोल बिघडलंय याची, चाचणी. खाडीकाठच्या इमारतींत हाफ-सेल चाचणी (सळीचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज) सोडू नका. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडे येत असतील तर सळी आत गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांवर जाते. बाहेरून नवा रंग मारलेला असला तरी.

काचेबद्दल तुमचं म्हणणं मान्य. बंद काच ही चिलर (एसीचं मध्यवर्ती यंत्र) चालू आहे असं गृहीत धरून बसवलेली असते. महापालिकेच्या शाळेला ते वीजबिल झेपणार नाही, आणि झेपलं तरी लाइट गेल्यावर ३५ मुलं असलेली खोली दहा मिनिटांत कोंदट होते. म्हणून प्रत्येक वर्गाच्या बाहेरच्या बाजूच्या काचा काढून वरच्या बाजूला बिजागरी असलेल्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या घालायच्या. पाऊस आत येत नाही आणि अडकण लावून फट १०० मिलिमीटरवर रोखता येते, म्हणजे मूल बाहेर झुकणार नाही. फॉल्स सीलिंग पूर्ण काढा. ऑफिसची मजल्याची उंची ३.६ मीटरच्या पुढे असते, पंखे बसवूनही डोक्यावर भरपूर हवा राहते. पश्चिमेच्या काचेला आतून फिल्म लावून भागत नाही, ऊन काचेच्या बाहेर अडवावं लागतं, अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांनी.

आणि काच उघडलीच आहे तर आणखी एक जागा बघा. काचेचा पडदा आणि स्लॅबची कड यांच्यामध्ये दोन-चार इंचांची फट असते, बऱ्याचदा वर नुसता पत्रा ठोकलेला. खालच्या मजल्याचा धूर या फटीतून सरळ वर येतो. ती दाबून भरलेल्या रॉकवूलने आणि आगरोधक सीलंटने बंद करावी लागते, प्रत्येक मजल्यावर, सगळ्या बाजूंनी. निविदेत हे काम स्वतंत्र ओळीत लिहिलेलं नसेल तर ते होत नाही.

पाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण वर्षभरात पालकांच्या तक्रारी येतात त्या याच्याच. ऑफिस आणि दिवसाची शाळा, दोन्हींना माणशी ४५ लिटर धरतात. बदलतात ती डोकी. पाच मजल्यांवर ३०० कर्मचाऱ्यांना साडेतेरा हजार लिटर लागायचे. ६५० मुलं आणि ३० मोठ्यांना तीस हजार सहाशे. गच्चीवर जादा टाकी ठेवायचा मोह होतो, पण पंधरा हजार लिटर म्हणजे पंधरा टन, तेही इमारतीच्या डोक्यावर. त्यापेक्षा जमिनीखालची टाकी वाढवा आणि पंप दिवसातून जास्त वेळा चालवा. आगीसाठी राखलेल्या टाकीला हात लावायचा नाही.

स्वच्छतागृहात ७० मुलींना २५ ला एक या हिशेबाने मजल्यावर तीन शौचालयं लागतात. ७० मुलग्यांना दोन शौचालयं आणि चार मुताऱ्या. ऑफिसमध्ये बायकांचं स्वच्छतागृह बहुधा लहान असतं, म्हणून सोपा उपाय म्हणजे पुरुषांचं मोठं स्वच्छतागृह मुलींना द्यायचं. नवं स्वच्छतागृह डक्टपासून लांब काढू नका. १०० मिलिमीटरच्या पाइपला १:४० उतार द्यायचा तर १२ मीटरमध्ये पाइप ३०० मिलिमीटर खाली येतो, म्हणजे खालच्या वर्गाच्या छतातून जातो आणि तिथेच गळतो.

मैदान. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत खेळाचं मैदान आहे, त्यामुळे "शहरात जागाच नाही" हे उत्तर होऊ शकत नाही. पार्किंगचा निम्मा भाग खेळायला काढता येतो, शेजारच्या मैदानाच्या वेळा लेखी ठरवून घेता येतात, मात्र मधे वाहता रस्ता असेल तर ते मैदान कागदापुरतंच. गच्ची आम्ही मैदानात धरत नाही. वर्ग सहावरून चारवर आल्याने मजल्यावर सुटलेली दोन वर्गांची जागा प्रयोगशाळा, चित्रकला आणि पावसाळ्यातल्या खेळासाठी वापरता येईल, पण ती मैदानाची भरपाई नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने २०१४ मध्ये एका पाच मजली ऑफिसात शाळा सुरू केली ती तिसरी ते पाचवीची. त्याहून लहान मुलं जुन्या शाळेतच ठेवली. हा लाड नाही, खबरदारी आहे. आपल्याकडे बालवाडी, पहिली, दुसरी तळमजल्यावर ठेवायची ती त्याच कारणाने. पोषण आहार बाहेरच्या स्वयंपाकगृहातून आणावा. इमारतीत वाटप आणि भांडी धुण्याचीच जागा ठेवावी. २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली, ती आग स्वयंपाकघरातून सुरू झाली होती.

"पाडा आणि नवी बांधा" हे काही इमारतींसाठी बरोबरच आहे. बाहेरच्या जिन्याला जागा नसेल, सळ्या गंजल्या असतील, किंवा इमारतीचे दोनच मजले मिळत असतील आणि बाकी मजल्यांवर ऑफिसं चालू राहणार असतील (जिना सामायिक, म्हणजे कुलपाची चावी दुसऱ्याकडे), तर नादी लागू नये. टीटीसी या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली इमारतही नको. तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसी आहे आणि शेजारी रसायनांचे कारखाने आहेत. सिडकोच्या लीजवरच्या भूखंडाला आधी सिडकोची वापरबदलाला संमती, मग महापालिकेची परवानगी, शेवटी सुधारित भोगवटा प्रमाणपत्र. आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून, आणि ती चालू स्थितीत असल्याचं दर जानेवारी-जुलैत पुन्हा.

जूनमध्ये शाळा भरवायची असेल तर बाहेरच्या जिन्याचा पाया दिवाळीनंतर लगेच खणायला घ्यावा. मे महिन्यात खणलेला खड्डा पहिल्या पावसात भरतो आणि मुलं वर्षभर एकाच लॉबीतल्या जिन्यांवर राहतात.

मूळ लेखातला २४ वर्गांचा आकडा आणि तो नकाशा आज काढून टाकला आहे. त्या जागी वरच्या मजल्यांवर १६ आणि तळमजल्यावर ३ असा नवा नकाशा टाकला आहे.