परदेशी कोच आला म्हणजे क्लब सुधारला? थांबा जरा, भो

चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत पालकांच्या ग्रुपवर फिरून परदेशी फुटबॉल कोचचा तो मेसेज शेवटी घरात येऊन पडला. भाचा सहावीत आहे आणि ताई पाच हजार भरायच्या बेतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेज थोडक्यात असा: जपानने परदेशी कोच आणले आणि दहा वर्षांत वर्ल्डकप गाठला. भारतीय कोचला शिट्टी फुंकण्यापलीकडे काही येत नाही. म्हणून खानदेशातल्या क्लबांनी पालकांकडून पाच-पाच हजार जमवून एक युरोपियन कोच आणावा, तो येईपर्यंत सध्याची प्रॅक्टिस बंद ठेवावी आणि मुलांना 'युरोपसारखं' पहिल्यापासून मोठ्या मैदानावर, मोठ्या बॉलने खेळवावं.

आधी जपान. डेटमार क्रामर हा जर्मन कोच 1960 मध्ये तिथे गेला, हे खरं. पण त्याने केलं काय? राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंनाही त्याने साध्या पासपासून परत शिकवलं. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर निघताना त्याने सांगितलं ते असं: देशभराची लीग सुरू करा, कोच घडवायची पद्धत बसवा, गवताची मैदानं करा. 1965 मध्ये लीग सुरू झाली. 1968 ला मेक्सिकोत जपानने ऑलिम्पिक ब्राँझ घेतलं तेव्हा संघाचा कोच होता केन नागानुमा, म्हणजे जपानीच. 1998 ला जपानला पहिल्यांदा वर्ल्डकपपर्यंत नेलं ताकेशी ओकादाने, तोही जपानीच. 1960 ते 1998 म्हणजे अडतीस वर्षं होतात; मेसेजवाल्याने त्याची दहा कुठून केली, तोच जाणे. क्रामरचा उपयोग झाला, कारण त्याने आपल्यामागे शिकवणारी माणसं तयार केली. परदेशी कोचबद्दल जेवढं मान्य करायचं तेवढं इथेच करतो: असा एक माणूस पिढी बदलू शकतो. पण क्रामर जपानला गेला ते तिथल्या फुटबॉल संघटनेच्या बोलावण्यावरून, पालकांच्या वर्गणीतून नाही.

उलटं उदाहरण चीनचं. ग्वांगझू एव्हरग्रांड या क्लबने मार्सेलो लिप्पी हा इटालियन कोच आणला, 2013 मध्ये आशियाची चॅम्पियन्स लीग जिंकली. पुढे ब्राझीलचा स्कोलारी आला, 2015 ला पुन्हा जिंकली. चीनचा पुरुष संघ मात्र 2002 नंतर एकाही वर्ल्डकपला गेलेला नाही, आणि तो क्लब 2025 च्या जानेवारीत कर्जापायी बंद पडला. ठिबक न टाकता केळीची टिश्यूकल्चर रोपं लावली की रावेर-यावलमध्ये काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

'भारतीय कोच नुसते शिट्टीवाले' हे तर ऐकवत नाही. 1951 आणि 1962 ची एशियन गेम्सची सुवर्णपदकं आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक, या तिन्ही वेळी कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आणि परदेशी कोच आपल्याकडे आलेच नाहीत, असंही नाही. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिच्या 2014 पासूनच्या पहिल्या अकराही हंगामांत करंडक परदेशी कोचच्याच संघाने उचललाय. आहार, व्हिडिओ, फिटनेस यांत त्याने फरक पडला, नाकारत नाही. पण करार एक-दोन वर्षांचा, चार मॅच हरल्या की गच्छंती. असा कोच गोल मारणारा भारतीय पोरगा घडवत बसेल की तयार परदेशी स्ट्रायकर उतरवेल? त्या अकराही हंगामांत गोल्डन बूट, म्हणजे सर्वाधिक गोलांचं बक्षीस, परदेशी खेळाडूकडेच गेला. आणि 2024 च्या जानेवारीत कतारमध्ये एशियन कपला भारत तिन्ही मॅच हरला, एकही गोल न करता.

आता पाच हजारांचा हिशोब. कोच म्हणून भारतात काम करायला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि त्यासाठी वर्षाला सव्वासोळा लाखांवर पगार दाखवावा लागतो. म्हणजे नुसत्या पगारालाच सव्वातीनशे पालक. घर, तिकीट, दुभाषा वेगळे. टुरिस्ट व्हिसावर कुणाला आणून पगार द्यायचा बेत असेल, तर क्लबचे पदाधिकारी गोत्यात येतील.

पण सगळ्यात घातक आहे ते शेवटचं: प्रॅक्टिस बंद, मोठा बॉल, मोठं मैदान. हे युरोपसारखं मुळीच नाही! बेल्जियममध्ये पोरं दोन विरुद्ध दोनपासून सुरू करून पाच, मग आठ अशी वर चढतात. जर्मनीनेही लहान गटांसाठी हाच रस्ता धरलाय. सहावीच्या पोराला चार नंबरचा बॉल लागतो, साधारण 350 ते 390 ग्रॅमचा. पाच नंबरचा 410 ते 450 ग्रॅम असतो. तो जड पडतो म्हणून पोरगं मागे झुकतं आणि बुटाच्या टोकाने ठोकतं. ही सवय एकदा बसली की सुटता सुटत नाही. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 उंच, खाली उभा साडेचार फुटी कीपर. वरून टाकलेला कुठलाही बॉल आत जातो, मग पास कोण शिकेल?

एका रांगेत चाळीस पोरं उभी करून एकेक फटका मारायला लावलं, तर पंधरा सेकंदाला एक धरून दहा मिनिटांनी पाळी येते. तासाला सहा फटके! तीच चाळीस चार विरुद्ध चारमध्ये वाटा: 25 बाय 20 मीटरचे पाच चौक अर्ध्या मैदानात सहज बसतात. गोल म्हणजे दोन मीटरवर दोन खुणा, कीपर नाही. चार मिनिटं खेळ, एक मिनिट पाणी, आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत मैदान रिकामं.

आपल्या मैदानांची अडचण वेगळी आहे. मुरमावर टणक फुगवलेला बॉल गुडघ्यापर्यंत उसळतो, म्हणून व्हॉल्व्हजवळ छापलेल्या मर्यादेत खालच्या बाजूला हवा ठेवा. पिन ओली करून घाला. कोरडी खुपसली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि बॉल रोज सकाळी बसलेला मिळतो. बाभळी जवळ असतील तर खेळाआधी काटे वेचून घ्या. काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात, त्यात घोटा मुरगळतो. भेगा मुरूम घालून बुजवा आणि आदल्या संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवा.

चाळीस पालकांचे पाच-पाच हजार म्हणजे दोन लाख. बॉल हजाराचा धरला तरी चाळीस बॉल चाळीस हजारांत येतात. उरलेल्यात रोलर, पाणी, आणि सध्या शिकवणाऱ्या दोन पोरांना एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, डी लायसन्स या कोचिंग कोर्सला पाठवायचा खर्च. फक्त एक अट आधी लिहून घ्या: परत आल्यावर दोन हंगाम क्लब सोडायचा नाही. नाहीतर लायसन्स हातात पडलं की पोरगा पुण्याची गाडी धरतो.